आवाज क्रमांक तीन

"अहो, माझा आवाज चार तालुके ओळखतात. माझं पोरगं नाही ओळखणार?"

मयूरी शेवाळेनं हे वाक्य सकाळपासून तिसऱ्यांदा टाकलं होतं. पहिल्यांदा सासूबाईंपुढं, त्या देवापुढं हात जोडून बसल्या होत्या तेव्हा. दुसऱ्यांदा शेजारणीपुढं. आणि आता नवऱ्यापुढं, जिल्ह्याच्या गर्भसंगोपन केंद्राच्या पायऱ्या चढताना. अभिजितनं "हं" म्हटलं. तो सोलर पंप दुरुस्त करायचा, आणि दिवसभरात पंपाशी जेवढं बोलायचा तेवढंही माणसांशी बोलत नसे.

मयूरीचं म्हणणं खोटं नव्हतं. कासारगावच्या स्टँडवर चौदा वर्षं तिच्या हातात माईक होता. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे" असं ती म्हणाली की फलाटावरची कुत्रीसुद्धा मान वर करायची. मध्ये एकदा यंत्राचा आवाज बसवून पाहिला, तर लोक "बाईंना काय झालं" म्हणून विचारायला खिडकीशी यायचे आणि तेवढ्यात त्यांची गाडी निघून जायची. आठ दिवसांत यंत्र उतरवलं आणि बाईंना परत बसवलं.

आज दुपारी चार वाजता त्या आवाजाची परीक्षा होती. पास झाली तर संध्याकाळी पेटी उघडून मूल तिच्या हातात देणार होते. नापास झाली तरी पेटी उघडणार होतेच. फक्त हात दुसऱ्या कुणाचे असते.

ते दुसरे कुणी समोरच्याच बाकावर बसले होते. प्रतीक्षा यादीतलं पहिलं जोडपं चाचणीला हजर पाहिजे, म्हणजे सरकारचा वेळ वाचतो, असा नियम होता. उपळेकर नवरा-बायको, दोघंही पंचेचाळिशीच्या पुढचे. उपळेकरबाईंच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीच्या तोंडातून पिवळ्या लोकरीच्या टोपड्याची दोरी लोंबत होती.

"कितवी चाचणी तुमची?" मयूरीनं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"पंधरावी," उपळेकरबाई ओशाळून म्हणाल्या. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. आम्ही नुसते बसतो. सगळे पासच होतात."

"होणारच," मयूरी म्हणाली.

उपळेकरांनी खिशातून खोबऱ्याची वडी काढून अभिजितपुढं धरली. अभिजितनं ती घेतली, मग कुणाकडून घेतली हे ध्यानात आलं, आणि हातातच धरून बसला.

पेटीची गोष्ट तशी सोपी होती. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कोमट खारं पाणी, पाण्यात बाळ. बाळाची नाळ आईच्या वारेला जोडण्याऐवजी एका यंत्राला जोडलेली. ते यंत्र रक्तात प्राणवायू आणि अन्न घालायचं आणि घाण काढून घ्यायचं. रक्त ढकलायला पंपसुद्धा नव्हता, बाळाचं स्वतःचं हृदयच ते काम करायचं. पेटीला काच होती. काचेचा मधला पट्टा तेवढा कायद्यानं दुधी केलेला होता, कारण मुलगा की मुलगी हे आधी कळता कामा नये. त्यामुळे आईबापांना गेले कित्येक आठवडे वर एक डोकं आणि खाली दोन पावलं दिसत होती.

पेट्या आल्यावर पहिल्या दोन वर्षांत एक घोळ ध्यानात आला. सहाव्या महिन्यानंतर बाळाला ऐकू यायला लागतं. पोटातलं बाळ आईचा आवाज तिच्या हाडांमधून दिवसभर ऐकतं, आणि तो ओळखीचा आवाज आला की त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात. पेटीत ऐकायला काय, तर मोटरची घरघर. त्या पहिल्या पोरांना बाहेर काढल्यावर आईनं जवळ घेतलं तरी ती रडायची, आणि मिक्सर लावला की गप्प व्हायची. शिवाय काही लोक पेटी लावून जायचे ते परत फिरकायचेच नाहीत. मग नियम आला. आईबापानं रोज चाळीस मिनिटं, जिवंत आवाजात, फोनवरून पेटीशी बोलायचं. रेकॉर्ड केलेलं चालणार नाही, पेटीला ते कळतं. आणि शेवटच्या दिवशी ओळख चाचणी. आवाज ऐकून ठोके दहानं वाढले तर मूल तुमचं. नाही वाढले तर मूल यादीला.

मयूरीच्या फोनवर अठरा आठवडे रोज न चुकता हिरवी खूण आली होती. आजचा संवाद पूर्ण. एक दिवस खाडा नाही.

ती खूण कशी येत होती, हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. अभिजितलासुद्धा नाही.

"शेवाळे कोण?" दारातून आवाज आला.

मूल्यमापन अधिकारी डॉ. ऋजुता केंभावी चाळिशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. त्यांच्या टेबलावर नियमांचं पुस्तक होतं आणि त्यातून पन्नासेक रंगीत चिठ्ठ्या बाहेर आल्या होत्या. पेटी खोलीच्या मधोमध होती. पेटीच्या डोक्यावर मोठ्या आकड्यात ठोके दिसत होते. एकशे बेचाळीस.

"फोन पेटीला जोडा. समोरचा परिच्छेद वाचा. तीन संधी आहेत, वेळ पाच वाजेपर्यंत," केंभावी म्हणाल्या. "उपळेकर, तुम्ही त्या कोपऱ्यात. आवाज करायचा नाही."

परिच्छेद समितीनं तयार केलेला होता. सगळ्या आयांना एकच, म्हणजे पक्षपात नको. मयूरीनं घसा साफ केला.

"हे प्रिय भावी नागरिका, मी तुझी विधिमान्य माता बोलत असून तुझ्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध आहे. तुझ्या आगमनाची मी सहर्ष प्रतीक्षा करीत आहे..."

एकशे बेचाळीस.

तिनं संपूर्ण वाचलं. एकशे एकेचाळीस.

"कमी झालं," अभिजित म्हणाला. आठवड्याभरात त्यानं आपणहून उच्चारलेले हे पहिले शब्द असावेत.

"पहिली संधी गेली," केंभावींनी लिहून घेतलं. "वडील."

अभिजितनं परिच्छेद बाजूला ठेवला. तो पेटीजवळ वाकला आणि रोज म्हणायचा तेच म्हणाला. "जेवलास का?"

एकशे अठ्ठेचाळीस. काचेतून एक पाऊल हललं. मग पुन्हा एकशे बेचाळीस.

"सहा. चार कमी पडले. अजून काही बोला ना."

अभिजितनं बराच विचार केला.  चाळीस मिनिटं तो रोज एवढंच बोलायचा आणि मग फोन कानाला लावून गप्प बसायचा. दुसरं वाक्यच तयार नव्हतं. "झोप," तो म्हणाला. बाळ झोपलं असावं. एकशे अडतीस.

"दुसरी संधी गेली."

कोपऱ्यात कापडी पिशवीची सरसर झाली. उपळेकरबाईंनी टोपडं बाहेर काढलं होतं. त्या मयूरीकडे अजिबात बघत नव्हत्या.

चार वाजून बावीस मिनिटं झाली होती.  त्या बाळाला काय ऐकवलंय हे तिला पक्कं माहीत होतं. फोन सकाळी साडेसातला पेटीला जोडायचा आणि कॉलरला अडकवायचा. माईकवर आठ तास बोलणं चालूच असायचं, जिवंत आवाज, कुठलीही लबाडी नाही. चाळीस मिनिटं तर पहिल्या दोन तासांतच भरायची. पण पुस्तकातलं एकोणिसावं कलमही तिला पाठ होतं. व्यावसायिक आवाज ऐकवला तर पालकत्व तिथल्या तिथं रद्द. एका बिस्किटवाल्यानं पेट्यांमध्ये आपली जाहिरात वाजवली होती आणि त्या तुकडीतली पोरं दूध सोडून पुडा वाजला की हसायला लागली होती, तेव्हापासूनचं ते कलम.

म्हणजे गप्प राहिलं तरी मूल जाणार. बोललं तर पकडलं जाणार आणि मूल जाणार.

"शेवाळे, शेवटची संधी. वाचताय ना?"

मयूरीनं परिच्छेद उलटा करून ठेवला. ताठ उभी राहिली. समोर फलाट असल्यासारखी नजर लांब टाकली.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. तासगावमार्गे मिरजेला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे. प्रवाशांनी घाई करू नये, आधी उतरणाऱ्यांना वाट द्यावी."

एकशे बेचाळीस. एकशे पन्नास. एकशे एकोणसाठ. काचेत दोन्ही पावलं जागच्या जागी धावायला लागली.

 उपळेकरबाईंनी टोपडं हळूच पिशवीत सरकवलं.

"हे काय होतं?" केंभावींनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

मयूरीनं सगळं सांगितलं. अभिजित तिच्याकडे बघत राहिला. "घरी का नाही बोललीस?" त्यानं विचारलं. ती केंभावींच्या पुस्तकाकडे बघत होती.

"एकोणिसावं कलम," केंभावी पुस्तक चाळत म्हणाल्या. "व्यावसायिक आवाज. पालकत्व रद्द."

टोपडं बाहेर आलं.

"मॅडम, मी काही विकत नव्हते. गाडी कुठं लागली एवढंच सांगत होते."

"थांबा." केंभावींचं बोट ओळीवरून सरकलं. "नफ्याच्या हेतूनं केलेला आवाज, असं म्हटलंय. तुमची ती गाड्यांची सेवा नफ्यात आहे का?"

"मी लागल्यापासून तरी नाही."

"कधी येण्याची शक्यता?"

"मॅडम, खोटं कशाला बोलू. नाही."

"मग कलम लागू होत नाही," केंभावी म्हणाल्या आणि निळ्या चिठ्ठीवर टिपून ठेवलं. टोपडं आत गेलं. "ठोके सतरानं वाढले. आई पास. आता मी इथं सही..."

आणि मयूरीचा फोन वाजला. वाजला म्हणजे आपोआप उचलला गेला. ड्युटीवर हात रिकामे नसतात म्हणून तिनं एका माणसाचे फोन तसे लावून ठेवले होते. फोन पेटीला जोडलेला होता, त्यामुळे तो माणूस थेट पेटीतच बोलला.

"शेवाळेबाई, ती मिरज कुटं लावू म्हनता? दोन नंबरला एक म्हातारा खाट टाकून बसलाय, उठ म्हनलं तर मलाच म्हनतो बस जरा. ह्या लोकांना सांगून सांगून माझी हाडं झिजली, पन ऐकतंय कोन?"

एकशे सत्तर. एकशे बहात्तर. बाळानं आत कोलांटी मारली. वर डोकं होतं तिथं आता पावलं दिसत होती.

पेटीतून घंटी झाली आणि एक कागद बाहेर आला. केंभावींनी तो वाचला, परत वाचला आणि टेबलावर ठेवला.

"प्रथम पालक, आवाज क्रमांक तीन. सर्वाधिक प्रतिसाद. हे कोण?"

अभिजितनंही मयूरीकडे बघितलं. नजरेत तोच प्रश्न होता, पण जरा वेगळ्या अर्थानं.

"पाटोळेमामा हो," मयूरी रडकुंडीला येऊन म्हणाली. "चौकशीच्या खिडकीत असतात. माझ्या शेजारी."

"ते बाळाशी बोलत होते?"

"बाळाशी नाही, माझ्याशी भांडत होते. दिवसभर. माझी घोषणा झाली की लगेच ते सुरू."

हिंदुराव पाटोळे सत्तावन्न वर्षांचे, लग्न न झालेले, पस्तीस वर्षं एका खिडकीत बसलेले गृहस्थ होते. त्यांचा आवाज म्हणजे पत्र्यावर खडे पडल्यासारखा. पेटीतल्या बाळाला त्यात काय गोड लागलं असेल ते विज्ञानालाच ठाऊक. केंभावींनी एवढंच सांगितलं की वर-खाली होणारा, ठेका असलेला आवाज मेंदूत लवकर रुजतो.

"नियम काय आहे?" अभिजितनं विचारलं.

"नात्याबाहेरचा माणूस प्रथम पालक निघाला तर त्यानं स्वतःच्या आवाजात त्याग करायचा. पाचच्या आत. नाहीतर मूल वादग्रस्त धरून यादीला जातं."

चार एकोणचाळीस. टोपडं अर्धं बाहेर, अर्धं आत होतं. उपळेकरांनी बायकोच्या हातावर हात ठेवला होता.

मयूरीनं मामांना सगळं सांगितलं. पलीकडे स्टँडचा गोंगाट ऐकू येत होता.

"म्हंजे मी नुसतं म्हनायचं का, की मला नको?"

"हो मामा. 'मी पालकत्वाचा त्याग करतो' एवढंच म्हणा."

"मी, हिंदुराव बापू पाटोळे, पालकत्वाचा त्याग करतो."

बाळानं दोन्ही पावलं झाडली. एकशे चौऱ्याहत्तर. घंटी. कागद. "त्याग गर्भहिताविरुद्ध. अमान्य," केंभावींनी वाचलं.

"जरा रागानं म्हणा मामा."

मामा रागानं म्हणाले. एकशे शहात्तर. अमान्य. मामा रडक्या आवाजात म्हणाले. एकशे पंच्याहत्तर. अमान्य. मग पलीकडून गोंगाट एकदम कमी झाला. मामा बहुतेक खिडकी लावून आत बसले होते.

"शेवाळेबाई, एक विचारू का? खरंच माझ्या आवाजानं उड्या मारतंय?"

"हो मामा."

"पस्तीस वर्षं बोलतोय मी. कुनी मागं वळून बगितलं न्हाई." मग ते जरा खाकरले. "पुन्यांदा बोलू का एकदा? त्यागाचं न्हाई. असंच."

 त्याग सोडाच, मामांचं मन वळायला लागलं होतं. आणि पेटी त्यांच्याच बाजूची होती.

"मामा, तुम्हाला हात जोडते. गप्प राहा. तीन आधी गेलीत माझी."

 मग मामा हळूच म्हणाले, "पोरी, ठेवतो," आणि फोन बंद झाला. चौदा वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्या तोंडी शेवाळेबाईची पोरी झाली होती.

"कागदावर अजून तेच प्रथम पालक आहेत," केंभावी म्हणाल्या. त्यांचा आवाज आता तितका सरकारी नव्हता. "एकच वाट आहे. त्यांच्या वर जा. एकशे सत्त्याहत्तर. सात मिनिटं आहेत."

मयूरी पेटीसमोर उभी राहिली. घोषणा तिनं आधीच देऊन पाहिली होती, ती एकशे एकोणसाठला थांबली होती. अभिजित मघाशी विचारत होता त्याचं उत्तर तिला माहीत होतं. आधीच्या तिघांशी ती बोलली होती. पोटावर हात ठेवून, रोज, खूप. तिघंही पाचव्या महिन्यात गेली. म्हणूनच हे चौथं पेटीत ठेवलं होतं. या चौथ्याशी हातात येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही असं तिनं ठरवलं होतं. गाड्यांच्या वेळा चालतील. त्यात जीव अडकत नाही.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे," ती म्हणाली आणि थांबली. "म्हणजे तू. तू एकटंच आहेस."

एकशे पन्नास.

"तुझ्याआधी तीन गाड्या आल्या. मी फलाटावर उभी होते. नावं पण ठरवली होती. कुणी उतरलं नाही. म्हणून तुझ्याशी मी नीट बोलले नाही. दुसऱ्यांच्या गाड्या सांगत बसले."

एकशे त्रेसष्ट. अभिजित तिच्या मागं येऊन उभा राहिला. चार छपन्न.

"तुझ्या बापाला बोलता येत नाही. मला एकच प्रकारचं बोलता येतं. घरात दोनच खोल्या आहेत, आणि पावसात स्वयंपाकघर गळतं. हे सगळं आधी सांगते, नंतर तक्रार नको. पण उतर. बाकीच्यांनी केलं तसं करू नकोस. मी उभी आहे इथं, ऐकतंयस ना, मी हलणार नाही, तू..."

इथं तिचा चौदा वर्षं एकदाही न फुटलेला आवाज फुटला. पाळण्याच्या कडीसारखा चिरकला आणि बंद झाला.

एकशे त्र्याहत्तर. एकशे अठ्ठ्याहत्तर. एकशे ऐंशी.

शब्दांमुळं झालं की चिरकण्यामुळं, यावर पुढे अहवालात दोन मतं नोंदवली गेली. घंटी मात्र चार एकोणसाठला झाली. केंभावींनी कागद न वाचताच सही ठोकली आणि मग वाचला. "प्रथम पालक, आवाज क्रमांक एक."

उपळेकरबाईंनी टोपडं घडी करून पिशवीत तळाशी ठेवलं. "म्हटलं होतं ना, सगळे पासच होतात," त्या म्हणाल्या. डोळे पुसले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चला. उद्या अकराला कराडला चाचणी आहे." अभिजितनं हातातली वडी त्यांना परत द्यायला पुढं केली, मग तसं बरं दिसणार नाही असं वाटून तोंडात टाकली.

पावणेसहाला पेटी उघडली. मुलगी झाली. मयूरीच्या घशातून आवाज निघत नव्हता, तिनं नुसतं तिला छातीशी धरलं. अभिजित खाली वाकला. "जेवलीस का?" त्यानं विचारलं. मुलगी त्याच्याकडे बघत राहिली आणि मग पंधरा मिनिटं रडली.

जन्मदाखला त्याच रात्री फोनवर आला. आईच्या रकान्यात मयूरी अभिजित शेवाळे असं बरोबर होतं. वडिलांच्या रकान्यात पेटीनं नियमाप्रमाणे दुसऱ्या क्रमांकाचा प्रतिसाद भरला होता. हिंदुराव बापू पाटोळे. अभिजित सकाळीच दुरुस्तीचा अर्ज घेऊन केंद्रावर गेला. अर्जावर दाखल्यातल्या वडिलांची सही लागते, असं तिथल्या खिडकीतल्या माणसानं सांगितलं. सहीसाठी तो कासारगावच्या स्टँडवर गेला, तर चौकशीची खिडकी बंद होती. दाखल्यावर नाव लागल्याबरोबर मामांना आपोआप पंधरा दिवसांची पितृत्व रजा मंजूर झाली होती, आणि स्टँडवर माणूस उरला नाही म्हणून मयूरीची मातृत्व रजा रद्द करण्यात आली.